कान घडवणारा ‘एकलव्य’

नवे गाणे कानावर पडले की श्रोत्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, जुन्याशी तुलना करून नव्याला नाके मुरडण्याचा. दुसरा, सारे डोलताहेत म्हणून आपणही मान डोलावण्याचा. गाणे नीट ऐकायचे, त्यात काय आहे आणि काय नाही हे स्वतःच्या कानाने ठरवायचे आणि तसे का वाटले हे चार लोकांना समजेल अशा भाषेत सांगायचे, हा तिसरा मार्ग त्या मानाने कठीण. मराठीत हा मार्ग ज्यांनी प्रशस्त केला, त्यांत केशवराव भोळे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

केशवरावांचा जन्म १८९६ सालचा, विदर्भातल्या अमरावतीचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईत आले खरे. पण मुंबईने त्यांना डॉक्टर केले नाही, श्रोता केले. त्या काळची मुंबई म्हणजे संगीताची मोठी पेठ होती. अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या दिग्गजांच्या मैफलींचा तो काळ. रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य होते. सायंकाळी इराण्याच्या हॉटेलात ग्रामोफोनच्या तबकड्या वाजत आणि शहरात पाश्चात्य वाद्यवृंदही कानावर पडत असे. वैद्यकाचा अभ्यास मागे पडला आणि केशवराव संगीतात बुडाले. गुरुगृही वर्षानुवर्षे राहून तालीम घेण्याचा योग त्यांना लाभला नाही. त्यांची खरी विद्या ऐकण्यातून आली.

पुढे ‘वसुंधरा’ साप्ताहिकात त्यांनी गायकांवर लेख लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा ‘एकलव्य’ हे टोपणनाव घेतले. ते अन्वर्थक होते. दुरून, न सांगता, केवळ श्रवणाने विद्या संपादन करणारा हा शिष्य होता. मात्र या एकलव्याने आपला अंगठा कोणालाही कापून दिला नाही. ‘शुद्धसारंग’ या नावानेही त्यांनी लेखन केले.

या लेखनामागचे धाडस आज सहजी लक्षात येणार नाही. त्या काळी गाण्यावर लिहिणे म्हणजे बहुधा गायकाची स्तुती करणे, नाहीतर त्याच्या घराण्याचा महिमा गाणे. बुवा आणि खाँसाहेब यांच्याविषयी आदराखेरीज दुसरे काही छापणे अप्रशस्त मानले जाई. भक्तांचे तट पडलेले असत. एका घराण्याचा श्रोता दुसऱ्या घराण्याच्या मैफलीला गेला तरी मनातून तराजू घेऊनच बसे. अशा वातावरणात केशवराव गायकाच्या आवाजाचा पोत कसा आहे, तो कोणत्या पट्टीत खुलतो, लय कशी सांभाळली जाते, शब्द कुठे चेपले जातात, तान भावाला पोषक आहे की केवळ चमत्कृती आहे, असे प्रश्न विचारीत. मोठ्या नावाला त्यातून सूट नव्हती आणि नवख्याला केवळ नवखा म्हणून बाजूला सारणेही नव्हते. मत दिले की त्याचे कारण द्यायचे, हा त्यांचा दंडक होता. आवाज या विषयाचे त्यांना एवढे आकर्षण होते की पुढे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘आवाजाची दुनिया’ असे पडले.

त्याच सुमारास मराठी गाण्याचे रूपच बदलू लागले होते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्या अवधीत रागाचा विस्तार होणे शक्य नव्हते. पण एखादी कविता, तिचा भाव आणि त्याला साजेशी चाल एवढे मावत होते. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि गाणे मैफलीतून उठून घरात आले. या दोहोंच्या आधाराने ‘भावगीत’ नावाचा नवा प्रकार आकाराला येऊ लागला. अभिजात संगीताच्या अनेक उपासकांना तो पोरकट वाटे. ख्यालाची गंभीरता नाही, नाट्यपदाचा डौल नाही, मग याला गाणे तरी का म्हणावे, असा सूर होता. केशवराव स्वतः अभिजात संगीताचे मर्मज्ञ. तरीही त्यांनी या नव्या गाण्याची हेटाळणी केली नाही. शब्दांचा अर्थ स्वरांतून उमटला पाहिजे, हा त्याचा स्वतंत्र धर्म त्यांनी ओळखला आणि नभोवाणीवरून स्वतः भावगीते सादर करून तो प्रकार रुजवण्यास हातभार लावला. नव्या प्रकाराला जुन्या प्रकाराचे मोजमाप लावू नये, ही दृष्टी त्यांच्या रसिकतेचा गाभा होती.

समीक्षकाला नेहमी एक टोमणा ऐकावा लागतो: एवढे कळते तर स्वतः करून दाखवा. केशवरावांनी तेही केले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणाऱ्या या वास्तववादी नाटकात पदांची खैरात नव्हती. मोजकी, प्रसंगातून उमलणारी गीते होती. संगीत केशवरावांचे आणि ती गाणारी अभिनेत्री होती गोव्यातून आलेली तरुण गायिका, त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे. वन्समोअरच्या गजरात रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा मोठाच पालट होता.

‘प्रभात’ने त्यांना बोलावले ते त्यानंतर. १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून त्यांची तेथील कारकीर्द सुरू झाली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांच्या मुखी त्यांनी दिलेल्या चाली वारकरी परंपरेत एवढ्या मिसळून गेल्या की त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला अभंग अनेकांना तुकोबांचाच वाटला. संगीतकाराने स्वतःला पुसून टाकावे आणि गाणे लोकांचे व्हावे, याहून मोठी पावती कोणती?

त्यानंतरच्याच वर्षी ‘कुंकू’ आला. जरठ-कुमारी विवाहाच्या त्या कथेत पार्श्वसंगीताला वाद्ये न घेता घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज वापरण्यात आले. त्याच चित्रपटात शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही आली. ज्याने मुंबईत ख्यालही ऐकला होता आणि पाश्चात्य वाद्यवृंदही, त्यालाच हे दोन्ही धाडस पेलणारे होते. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’चे संगीतही त्यांचेच.

चित्रपटसृष्टीतून बाजूला झाल्यावर केशवरावांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ आणि आपल्या रचनांचा हिशेब मांडणारे ‘माझे संगीत’ ही पुस्तके आजही गाण्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्याची बाजू घेतली ते भावगीत पुढे घराघरांत पोहोचले. ठाणेकरांना त्याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. जनकवी पी. सावळाराम याच शहरात राहिले, येथले नगराध्यक्ष झाले आणि त्यांची गीते तबकड्यांवरून साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. दुसरीकडे, १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या गायन समाजासारख्या संस्थांनी अभिजात संगीताचा श्रोता जपला. एकाच रेल्वेमार्गावर हे दोन्ही प्रवाह सुखाने नांदले. केशवरावांना अभिप्रेत असलेला श्रोता असाच होता. दोन्हीकडे जाणारा, पण दोहोंकडून वेगवेगळी अपेक्षा ठेवणारा.

आज डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे असते. कोणत्याही कंपनीच्या पाठबळाविना तरुण आपली गाणी स्वतः ध्वनिमुद्रित करून लोकांसमोर ठेवतात. गाणी उदंड झाली. दाद मात्र अंगठ्याच्या एका स्पर्शात उरकते आणि नापसंतीही तितक्याच झटपट. नव्या कलावंताची त्याने मोठी हानी होते. कारण आपले काय जमले आणि काय फसले, हे त्याला कोणीच सांगत नाही. कारणासह दिलेले मत हाच कलावंताचा खरा सन्मान, हा ‘एकलव्या’चा धडा म्हणूनच अजून शिळा झालेला नाही. तो गिरवायला ना घराणे लागते, ना गंडा. लागतो तो फक्त कान, आणि एक गाणे पुरते संपेपर्यंत थांबण्याचा धीर.