नाव देण्याआधी माणूस माहीत हवा

नवं मैदान झालं की पहिला वाद नावाचा. तालीम असो, स्टेडियम असो, नाहीतर उद्या आपल्याकडे सगळ्यांसाठी खुला गोल्फ कोर्स होऊ दे. नाव कुणाचं द्यायचं यावरून कट्ट्यावर तासभर जुंपणार हे ठरलेलं. पण एकदा पाटी लागली की त्या नावाचा माणूस कोण होता, हे किती जण विचारतात?

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या हॉलला २०१० मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी, के. डी. जाधव यांचं नाव दिलं. ही दोन आद्याक्षरं उलगडली की आपण थेट कराडजवळच्या गोळेश्वरात पोचतो. के म्हणजे खाशाबा आणि डी म्हणजे दादासाहेब, त्यांचे वडील.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, कॉलेज कोल्हापूरच्या राजाराममध्ये. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी की समोरचा सावरायच्या आत ढाक बसलेली असायची.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली. आयुष्य गेलं लाल मातीत आणि तिथं लढायचं होतं मॅटवर, परक्या नियमांनी. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावा नंबर म्हणजे आपण खूश झालो असतो. खाशाबा मात्र परत येऊन जास्तच मेहनतीला लागले.

पुढचं ऑलिंपिक १९५२ चं, हेलसिंकीचं. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झालाय असं वाटल्यावर ते गप्प बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकलीही. आता प्रश्न पैशांचा. गावानं आणि कराडकरांनी वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, हे आज कुणाला पटकन खरंही वाटणार नाही.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि ती ते हरले. अंगातला थकवा जायच्या आतच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण नियमावर बोट ठेवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. ती कुस्तीही गेली, पण ब्राँझ हातात आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपात. मध्ये तब्बल ४४ वर्षं!

कराड स्टेशनवरून त्यांची मिरवणूक निघाली, तीही शंभराहून जास्त बैलगाड्यांची. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशांतून खर्डेकर सरांचं गहाण घर सोडवलं. पदक जिंकल्यावर पहिलं मोठं काम केलं ते कर्ज फेडायचं.

पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, दीड दशकानं.

१९५२ चीच आणखी एक गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत भारतानं इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कॅप्टन होते विजय हजारे. जन्म सांगलीचा! आज वनडेची विजय हजारे ट्रॉफी दरवर्षी खेळली जाते, त्यामुळे त्यांचं नाव दर मोसमात पोरांच्या तोंडी येतं. एकाच वर्षात सातारा आणि सांगलीच्या दोघांनी देशाला पहिलेपण मिळवून दिलं, पण दोन नावांच्या वाट्याला आलेलं नशीब सारखं नाही.

गोळेश्वरात खाशाबांच्या नावानं कुस्ती संकुल होणार, ही घोषणा २००९ ची. काम इतकं रखडलं की २०१७ मध्ये घरच्यांनी ते पदकच लिलावात काढायची तयारी दाखवली. दिल्लीत हॉल होता, त्याला नाव मिळालं. गावात नाव होतं, पण हॉल नव्हता. १५ जानेवारी आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हार घालून, फोटो टाकून दिवस संपतो, आणि दुसऱ्या दिवशी तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला मॅट मिळालीय का, हे विचारायला कुणी नसतं.

म्हणून पुढच्या वेळी मैदानाच्या नावावरून वाद रंगला, तर हक्कानं भाग घ्या. फक्त दोन गोष्टी विचारा. ज्याचं नाव देतोय त्यानं काय सोसलं, हे आपल्याला माहितीये का? आणि पाटीच्या आत खेळायला जागा आहे का? खाशाबांना पाटी नको होती. त्यांना हवं होतं हेलसिंकीचं तिकीट, आणि त्यासाठी एका मास्तरांना आपलं घर गहाण टाकावं लागलं.