फ्रान्सिस डेव्हिस

फ्रान्सिस राइट डेव्हिस (१९ ऑगस्ट १८८७ – १६ एप्रिल १९७८) हे अमेरिकन यांत्रिकी अभियंता होते. मोटारीचे स्टिअरिंग तेलाच्या दाबाने हलके करणारी, व्यवहारात टिकलेली यंत्रणा त्यांनी तयार केली. ती आज पॉवर स्टिअरिंग या नावाने ओळखली जाते. मात्र सर्वसामान्य ग्राहकांच्या मोटारींत ही सोय आली, तेव्हा डेव्हिस यांच्या मूळ पेटंटाची मुदत संपलेली होती.

जीवन

डेव्हिस यांचा जन्म फिलाडेल्फिया शहरातील जर्मनटाउन भागात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीत दाखल झाले आणि पुढे तिच्या ट्रक विभागाचे मुख्य अभियंता बनले. भरलेला ट्रक वळवणे हे त्या काळी मनगटाच्या ताकदीचे काम होते. स्टिअरिंग हलके करण्यासाठी आतील दातेरी चाकांचे प्रमाण वाढवले, की तेवढ्याच वळणासाठी चालकाला कितीतरी जास्त फेरे फिरवावे लागत. चाक खड्ड्यात आपटल्यास बसणारा हिसका थेट हातांना जाणवे.

१९२२ मध्ये नोकरी सोडून डेव्हिस यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम येथे लहान कार्यशाळा सुरू केली. जॉर्ज जेसप हे कुशल कारागीर त्यांचे सहकारी होते.

तेलाचा प्रश्न

द्रवाच्या दाबाने जड वस्तू हलवण्याची कल्पना जुनीच होती. पण अशा यंत्रांत झडपा बंद ठेवून तेल सतत दाबाखाली साठवले जाई, त्यामुळे ते सांध्यांतून झिरपत राही. डेव्हिस यांनी ही रचनाच उलटी केली. त्यांच्या यंत्रात झडप एरवी उघडी असते आणि पंपातून निघालेले तेल जवळजवळ दाबाविना फिरून टाकीत परत येते. चालकाने चक्र वळवले आणि चाकांनी विरोध केला, की झडप किंचित सरकते, तेलाची परतीची वाट आवळली जाते आणि दाब दट्ट्याच्या एका बाजूवर येतो. वळण संपताच दाब ओसरतो. गळतीचा प्रश्न अशा रीतीने आटोक्यात आला. चक्र आणि चाके यांच्यातील यांत्रिक जोडणीही कायम असल्याने तेल संपले तरी गाडी वळवता येते, फक्त जोर बराच लावावा लागतो.

हे यंत्र त्यांनी स्वतःच्या पिअर्स-ॲरो मोटारीत बसवले. एप्रिल १९२६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी डेट्रॉइटला जाऊन जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना गाडी चालवून दाखवली. पेटंट जानेवारी १९३१ मध्ये मंजूर झाले.

करार आणि विलंब

जनरल मोटर्सने करार केला व कॅडिलॅक गाड्यांत यंत्रणा बसवण्याची तयारी चालवली. परंतु महामंदीत विक्री घसरली होती आणि खर्च परवडणार नाही म्हणून १९३४ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. १९३६ मध्ये डेव्हिस यांनी बेंडिक्स कंपनीशी करार केला. तेथेही मागणी नगण्यच होती. ती वाढवली दुसऱ्या महायुद्धाने, कारण चिलखती गाड्या व जड लष्करी वाहने हातांच्या बळावर वळवणे अवघड होते.

१९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल मोटारीत हायड्रागाइड नावाने पॉवर स्टिअरिंग दिले. त्यासाठी मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेतला असल्याने डेव्हिस यांची परवानगी लागली नाही. स्पर्धेत मागे पडू नये म्हणून जनरल मोटर्सने मात्र पुन्हा डेव्हिस यांच्याशीच करार केला. वॉल्थममधील कार्यशाळा सुरू झाल्यापासून तोवर जवळपास तीस वर्षे उलटली होती. डेव्हिस यांचे निधन मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाले.

भारतात

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे सुरुवातीचे सहकार्य याच क्रायस्लरशी होते. तरीही कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हते. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी ती हातांच्या जोरावरच वळवली. अलीकडे बहुतेक लहान मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग आले असून त्यात तेल नसते. ट्रक व बस यांत अजूनही प्रामुख्याने तेलाचीच यंत्रणा असते. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या मोठ्या गाड्यांनाही तिचाच उपयोग होतो.

तेलाची तपासणी

टाकीवरील किंवा झाकणाच्या पट्टीवरील किमान व कमाल खुणांमध्ये तेलाची पातळी असावी लागते. तेल काळपट झाले किंवा त्याला जळका वास आला तर ते बदलतात. पातळी वारंवार घटत असल्यास कुठेतरी गळती असते. नुसते तेल ओतत राहणे हा त्यावर उपाय नव्हे. बदलताना परतीची नळी सोडून जुने तेल काढतात, पुढची चाके उचलून चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत नवे तेल भरतात. हवा आत राहिल्यास पंप घरघरतो. तेलाचा प्रकार वाहनाच्या पुस्तिकेनुसारच निवडावा लागतो. चुकून ब्रेक ऑइल घातल्यास रबरी सील खराब होतात आणि गळती सुरू होते.