रने लाकोस्त : टेनिसचा एक अभ्यासू खेळाडू

कांहीं खेळाडूंच्या हातीं रॅकेट पाहिली म्हणजे ती जन्मतःच त्यांच्याबरोबर आली असावी असें वाटतें. ज्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तो रने लाकोस्त या वर्गांतला नव्हता. त्याची प्रकृति नाजूक होती, त्याचे फटके डोळे दिपविणारे नव्हते, आणि खेळास त्यानें आरंभ केला तोही वयाच्या पंधराव्या वर्षीं, इंग्लंडच्या प्रवासांत. असें असूनही तो पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत जाऊन बसला तो कसा, हें पाहणें आम्हांस त्याच्या विजयांच्या यादीपेक्षां अधिक अगत्याचें वाटतें.

त्याचा जन्म ता. २ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील हिस्पानो-सुइझा या मोटारीच्या कंपनींत मोठे अधिकारी होते. मुलानें विद्याभ्यास सोडून चेंडूमागें धावावें हें त्यांच्या मनास येईना. अखेर त्यांनीं मुदत घालून दिली व तेवढ्यांत अव्वल खेळाडू न झाल्यास खेळास रामराम ठोकावा अशी अट घातली, अशी हकीकत सांगतात. १९२२ सालीं विम्बल्डनला तो पहिल्याच फेरींत हरला.

रने भिंतीकडे वळला. एकच फटका, भिंतीवरून परत आलेला तोच चेंडू, पुन्हा तोच फटका, असे तासचे तास. आमच्या विद्यार्थ्यांस भिंतीशीं खेळावयास सांगितलें तर ती शिक्षाच वाटते. या मुलास ती गुरुस्थानीं होती. शिवाय त्यानें टिपणवह्या ठेविल्या. प्रतिस्पर्धी कोणत्या चेंडूस कचरतो, त्याचें बळ कशांत आहे, हें सारें त्यांत लिहिलेलें असे. दुसऱ्याचें वैगुण्य असें नेमकें टिपूं पाहणारास आपल्या हातून तेथें चेंडू कां पडला नाहीं, हेंही स्वतःस विचारावें लागतें. वह्यांचा खरा उपयोग आमच्या मतें हाच. १९२४ सालीं विम्बल्डनच्या अंतिम सामन्यांत बोरोत्रानें त्यास पांच सेटांत हरविलें. पुढच्याच वर्षीं त्याच ठिकाणीं, त्याच बोरोत्रास हरवून त्यानें तें पद मिळविलें.

परंतु खरा डोंगर पुढेंच होता. अमेरिकेचा बिल टिल्डन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, आणि डेव्हिस चषक १९२० पासून अमेरिकेच्या ताब्यांत. सप्टेंबर १९२७ मध्यें फिलाडेल्फिया येथें फ्रान्सचे वीर उतरले तेव्हां दोन दिवसांअखेर ते १ विरुद्ध २ असे मागें होते. पण दुसऱ्या दिवशींच्या दुहेरी सामन्यांत बोरोत्रा व ब्रुन्यों यांनीं टिल्डनला पांच सेट दमविलें होतें, आणि लाकोस्तला मुद्दाम विश्रांति दिली होती. तिसऱ्या दिवशीं चौतीस वर्षांच्या टिल्डनसमोर तेवीस वर्षांचा लाकोस्त उभा राहिला. टिल्डन तोफा डागी. हा शांतपणें चेंडू खोलवर परत करी. ६–३, ४–६, ६–३, ६–२ असा त्याचा जय झाला, कोशेनें जॉन्स्टनला हरविलें, आणि चषक प्रथमच फ्रान्सला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांतही त्यानें टिल्डनला सरळ तीन सेटांत नमविलें.

यावरून टिल्डनचें कोडें कायमचें सुटलें असें मात्र कोणीं समजूं नये. १९२८ सालीं चषकाच्या रक्षणासाठीं पॅरिसला रोलां गारोस हें नवें क्रीडांगण बांधलें. तेथें पहिल्याच सामन्यांत टिल्डननें लाकोस्तला पांच सेटांत हरविलें. चषक राहिला तो सोबत्यांच्या बळावर.

१९२९ सालीं फ्रान्सचें अजिंक्यपद तिसऱ्यांदा जिंकल्यावर छातीच्या विकारामुळें पंचविसाव्या वर्षींच त्यास मोठ्या सामन्यांतून बहुतेक निवृत्त व्हावें लागलें. ज्यानें एवढ्या कष्टानें खेळ कमावला त्याच्या वांट्यास तो इतका थोडा यावा, याचें आम्हांस वाईट वाटतें. त्याची जिज्ञासा मात्र थकली नाहीं. सरावासाठीं चेंडू फेंकणारें यंत्र त्यानें पूर्वींच तयार केलें होतें. १९३३ सालीं आंद्रे झिलिए याच्यासह त्यानें मगरीच्या चिन्हाचे सदरे विकावयास काढिले, जे आजही दुकानांत दिसतात. खेळाडू असतां लोक त्यास मगरच म्हणत. साठीच्या उंबरठ्यावर त्यानें पोलादी रॅकेट बनविली. ता. १२ ऑक्टोबर १९९६ रोजीं सां-झां-द-ल्यूझ येथें, वयाच्या ९२ व्या वर्षीं तो निवर्तला.