होमी भाभा: विश्वकिरणांचा अभ्यासक आणि कृष्णविवराच्या भीतीचे उत्तर

१० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लार्ज हेड्रॉन कोलायडर हे यंत्र सुरू झाले. २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात प्रचंड वेगाने फिरणारे प्रोटॉन एकमेकांवर आदळवायचे, असा हा प्रयोग. त्याच्या आधीचे काही दिवस आपल्याकडच्या अनेक वृत्तवाहिन्यांवर एकच विषय होता: या टकरीतून कृष्णविवर तयार होईल आणि ते पृथ्वी गिळून टाकेल. घराघरांत धास्ती पसरली. या बातम्यांच्या भीतीने मध्य प्रदेशात एका किशोरवयीन मुलीने जीव दिल्याचे वृत्त आले.

खरे तर त्या दिवशी प्रोटॉनची समोरासमोर टक्कर व्हायचीच नव्हती. प्रोटॉनचा झोत भुयारातून नीट फिरतो का, एवढेच पाहायचे होते. आणि टक्कर झाली तरी पृथ्वीला धोका का नाही, याचे उत्तर विज्ञानाच्या ज्या शाखेत आहे, तिचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जण मुंबईचा होता. त्यांचे नाव होमी जहांगीर भाभा. भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मात्र त्यांची पहिली ओळख विश्वकिरणांचे अभ्यासक अशी होती.

इंजिनिअर व्हायला गेले आणि...

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका सुशिक्षित पारशी घरात झाला. वडील बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. होमीने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असे घरच्यांच्या मनात होते.

१९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, पण त्यांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. वडिलांनी तोडगा काढला: आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग हवे ते शीक. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि ते भौतिकशास्त्राकडे वळले. तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेसाठी ते दिवस भारलेले होते. १९३२ मध्ये तिथेच न्यूट्रॉनचा शोध लागला.

इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते किती प्रमाणात कुठल्या दिशेला विखुरतील, याचे गणित भाभांनी १९३५ च्या सुमारास मांडले. आज त्याला भाभा विकिरण म्हणतात. पुढे सर्नच्या याच २७ किलोमीटरच्या भुयारात लेप नावाचे जुने यंत्र चालत असे. त्यात किती टकरी झाल्या, हे मोजण्यासाठी भाभांचेच गणित वापरले जाई.

आकाशातून पडणारा कणांचा पाऊस

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून सतत पृथ्वीवर येणारे वेगवान कण. त्यांतले बहुतेक प्रोटॉन असतात. हे कण वातावरणात शिरल्यावर नेमके काय होते, हे त्या काळी मोठे कोडे होते. एका कणाच्या जागी खाली एकदम कणांचा लोंढाच का सापडतो?

भाभा आणि जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये त्याचे उत्तर दिले. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशाचा शक्तिमान कण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण टाकते. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत खाली कणांचा वर्षाव होतो. अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सांगितले.

वरून येणारी गोष्ट डोळ्यांना दिसली की तिची दखल घेतली जाते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात भरदुपारी उल्केचे तुकडे पडले, त्याची देशभर बातमी झाली. विश्वकिरणांचे तसे नाही. काटोलच्या संत्र्याच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातातूनही, या वर्षावात तयार झालेला म्यूऑन नावाचा कण सेकंदाला साधारण एक या हिशेबाने आरपार जातो. कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. उल्केच्या दगडावर मात्र विश्वकिरणांची खूण राहते. अवकाशात फिरताना त्यांच्या माऱ्याने दगडात वेगळे अणू तयार होतात आणि त्यांवरून त्याचा प्रवास किती काळ चालला होता, हे काढता येते.

सुट्टी लांबली आणि संस्था उभी राहिली

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी घरी आले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तिथे सी. व्ही. रामन होते. भाभांनी विश्वकिरणांसाठी वेगळा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आपल्याकडच्या हुशार मुलांना संशोधनासाठी परदेशी जावे लागू नये, या विचाराने मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. त्यातून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळूर आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरचा एक बंगला, असा तिचा प्रवास झाला. कुलाब्याची आजची वास्तू १९६२ मध्ये उभी राहिली.

संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विश्वकिरण मोजण्यासाठी फुग्यांतून उपकरणे वर पाठवली, उटीच्या डोंगरावर प्रयोगशाळा थाटली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीतही उपकरणे उतरवली. १९६५ मध्ये कोलारला सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणातल्या टकरींतून जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. अशी नोंद करणारा तो जगातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक होता.

दरम्यान १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्षही तेच होते. शेजारी सर्नची उभारणी नुकतीच सुरू झाली होती.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे एअर इंडियाचे विमान जिनिव्हात उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. कृष्णविवर हा शब्द तेव्हा रूढही झाला नव्हता.

मग भीतीचे उत्तर काय?

सर्नच्या एका टकरीतली ऊर्जा कागदावर अफाट वाटते. ती खरोखर काही उडत्या डासांच्या हालचालीइतकी आहे. फरक इतकाच की ती प्रोटॉनएवढ्या सूक्ष्म जागेत कोंबलेली असते. एवढ्या ऊर्जेतून कृष्णविवर होऊ शकेल, असे फक्त काही अप्रमाणित सिद्धांत म्हणतात. तसे झालेच, तर ते क्षणार्धात विरून जाईल, असे हॉकिंग यांचे गणित सांगते.

पण सिद्धांत बाजूला ठेवले तरी विश्वकिरणांचा पुरावा उरतो. त्यांतल्या काहींची ऊर्जा सर्नच्या टकरींपेक्षा खूप जास्त असते. २००८ मध्ये सर्नच्या सुरक्षा समितीने हिशेब मांडला: पृथ्वी जन्मल्यापासून निसर्गाने तिच्यावर हा प्रयोग किमान एक लाख वेळा करून झाला आहे, आणि पृथ्वी जागच्या जागी आहे.

यावर एक रास्त शंका घेतली गेली. विश्वकिरणांतून कृष्णविवर झाले तर ते वेगाने पृथ्वीबाहेर निघून जाईल. यंत्रातले मात्र संथ असेल आणि इथेच अडकेल, त्याचे काय? त्याचे उत्तर श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे देतात. हे तारे इतके घन असतात की वेगवान कृष्णविवरही त्यांत अडकून पडेल. त्यांच्यावरही विश्वकिरण आदळतात, तरी ते अब्जावधी वर्षे टिकून आहेत.

सर्नच्या यंत्रात पहिल्या टकरी नोव्हेंबर २००९ मध्ये झाल्या. ४ जुलै २०१२ रोजी तिथे हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली. भाभांच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ तिथल्या सीएमएस प्रयोगात काम करतात आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आता सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या पुढच्या यंत्राचा विचार चालू आहे. त्यात प्रोटॉनच्या टकरी कितीतरी जोरात होतील. त्यापेक्षाही जोरदार विश्वकिरण आजही आपल्या वातावरणावर आदळत आहेत.