जोडे शिवणारे दोन भाऊ

२५ ऑक्टोबर हा संत क्रिस्पिन आणि संत क्रिस्पिनियन यांचा सण. चर्मकारांचे हे आश्रयदाते संत युरोपात शतकानुशतके घरोघरी माहीत आहेत.

परंपरेनुसार हे दोघे रोममधील खानदानी घराण्यातले भाऊ. तिसऱ्या शतकात ते सुवार्ता सांगण्यासाठी गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समधील स्वासों गावी गेले. दिवसा उपदेश करायचा आणि रात्री जोडे शिवायचे. कोणावर भार नको, हा त्यांचा विचार. संत पौलही तंबू बनवून पोट भरत असे. पण कुलीन रोमन माणसाने हाताने काम करणे हलके समजले जाई, तिथे कातड्याला हात लावणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या समाजाला करून द्यायला नको!

सम्राट माक्सिमियनच्या काळात, इ.स. २८६च्या सुमारास, दोघांना पकडण्यात आले. त्यांच्याच धंद्यातल्या आऱ्या त्यांच्या नखांखाली खुपसल्या, असे कथा सांगते. अखेर त्यांचा शिरच्छेद झाला. कथेतील बराच तपशील पुढे रचला गेला असे अभ्यासक मानतात. मात्र सहाव्या शतकात स्वासोंला त्यांच्या नावाचे मोठे चर्च उभे होते.

मध्ययुगात चर्मकारांच्या संघांनी या भावांना आपले मानले. त्या कारागिरांचे काम सोपे नव्हते. कातडे चुन्यात भिजवून केस काढायचे, मग ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोन्‌महिने, जाड असेल तर वर्षभराहून अधिक, कमावत ठेवायचे. जोडा लाकडी फर्म्यावर उलटा शिवत. आरीने भोक पाडायचे आणि मेण लावलेला लिननचा दोरा ओवायचा. सुईच्या जागी दोऱ्याच्या टोकाला रानडुकराचा राठ केस असे. शिवून झाले की जोडा ओला करून मोज्यासारखा सुलट करायचा, म्हणजे शिवण आत जाई आणि पाणी कमी शिरे. उलटता यावा म्हणून तळ पातळ ठेवावा लागे, त्यामुळे तो लवकर झिजे. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवे जोडे करणारे आणि जुने दुरुस्त करणारे यांचे नियमही वेगळे होते.

लंडनला थेम्स नदीकाठच्या चिखलातून असे पुष्कळ जोडे निघाले आहेत. कित्येकांच्या तळाला ठिगळ आहे.