दर्याची अमानत सांभाळणारे दौलतखान

मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरीचे बेट आहे. तिथे पहारा बसला की मुंबईत येणारी-जाणारी जहाजे नजरेतून सुटत नाहीत. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशे माणसांनिशी बेटावर उतरले आणि तट बांधू लागले. या पहाऱ्याचीच इंग्रजांनी धास्ती घेतली व जहाजे पाठवून बेटाची कोंडी केली. ती फोडण्याचे काम आले मराठा आरमाराचे सरदार दौलतखान यांच्याकडे.

दौलतखानांवर महाराजांचा विश्वास जुना होता. जंजिऱ्याच्या सिद्दीला आवर घालण्यासाठी मुरूडसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. तिथे दौलतखान आणि दर्यासारंग यांना रसद वेळेवर पोहोचली नाही. तेव्हा, जानेवारी १६७५ मध्ये, महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना कडक पत्र लिहिले. जात पाहून कोणाची गय होणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले होते. शत्रू मुसलमान, आरमाराचा सरदारही मुसलमान. पण त्याच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती. जाब विचारला गेला तो रसद अडवणाऱ्याला.

खांदेरीला दौलतखानांचा तळ नागावच्या खाडीत होता. उथळ पाण्यात इंग्रजांची मोठी जहाजे येऊ शकत नव्हती. रात्री छोट्या होड्या अंधारातून बेटावर धान्य पोहोचवत. शत्रूने नांगर कुठे टाकला, भरती केव्हा, वारा कुठला, याची पक्की खबर असल्याशिवाय हे जमणारे नव्हते. चुकीच्या खबरीने होडीतली सगळी माणसे गेली असती. कुराणातही ऐकीव खबरीची आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे, ती अशाच नुकसानीच्या भीतीने.

इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे १८ ऑक्टोबर १६७९, म्हणजे आजच्या हिशेबाने २८ ऑक्टोबर. हिजरी १०९० च्या रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू होते. पहाटे दौलतखानांची गलबते नागावहून इतक्या वेगाने चालून आली, की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. त्यांचे ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागले, बाकीची बहुतेक पळाली. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिले आणि मराठा आरमार नागावला परतले. पुढे मुंबईवर चालून जाण्यासाठी मराठ्यांची फौज कल्याणला आली. ठाण्याची वाट पोर्तुगिजांनी नाकारली, तेव्हा ती आपल्या पनवेल बंदराकडे वळली. मुंबईत घबराट उडाली.

नंतर सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. त्यावरच्या हल्ल्यात दौलतखान जखमी झाले आणि उंदेरी हाती आले नाही. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. इंग्रजांना तह करून माघार घ्यावी लागली.

सोपवलेली गोष्ट जिवापाड जपणे म्हणजे अमानत. रोजा तीच शिकवतो. स्वराज्याचा दर्या ही दौलतखानांकडे सोपवलेली अमानत होती, आणि त्यांनी ती राखली.