शिंप्याचा मुलगा आणि रक्ताचा रिपोर्ट

हिमोग्लोबिन तपासताना प्रयोगशाळेत थोड्याशा रक्तात एक द्रावण मिसळतात आणि त्या रंगीत मिश्रणातून प्रकाश सोडतात. किती प्रकाश पलीकडे पोहोचला, त्यावरून हिमोग्लोबिनचा आकडा निघतो. यामागच्या नियमाला ज्यांचं नाव आहे, त्या योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती.

लॅम्बर्ट यांचा जन्म १७२८ मध्ये म्युलूझ इथे झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. वडील शिंपी, घरची गरिबी. दिवसा वडिलांना कामात मदत आणि रात्री अभ्यास, असं करत ते स्वतःच शिकले. पुढे कारकुनी केली. विसाव्या वर्षी, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या कूर इथे एका सरदार घराण्यातल्या मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. त्या घरातला ग्रंथसंग्रह हेच त्यांचं विद्यापीठ ठरलं.

१७६० मध्ये प्रकाशमापनावरचा त्यांचा ‘फोटोमेट्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साधनं मोजकीच होती: मेणबत्त्या, आरसे, काचा आणि स्वतःचे डोळे. एका थराने निम्मा प्रकाश शोषला, तर तसाच दुसरा थर उरलेल्यातला निम्मा शोषतो. १०० चे ५०, ५० चे २५. फ्रान्सच्या प्येर बूगेर यांनी १७२९ मध्येच हे ओळखलं होतं. लॅम्बर्ट यांनी ते गणितात नीट बसवलं. पुढे १८५२ मध्ये जर्मनीच्या ऑगस्ट बेअर यांनी रंगीत द्रावणांवर प्रयोग केले. द्रावणाची तीव्रता दुप्पट केली, तर थराची जाडी दुप्पट केल्यासारखाच परिणाम होतो, हे त्यातून पुढे आलं. म्हणूनच शोषलेल्या प्रकाशावरून द्रावणात एखादा पदार्थ किती आहे, हे सांगता येतं.

लॅम्बर्ट यांचं वागणं-बोलणं प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला विचित्र वाटलं. त्यामुळे बर्लिनच्या अकादमीतली त्यांची नेमणूक रखडली. १७६५ मध्ये ती झाली. १७७७ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं.

आज क्षय बरा होतो. मात्र त्याच्या काही औषधांचा यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून गरजेनुसार रुग्णाच्या रक्तातलं बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइम्स तपासतात. ती मोजणारं यंत्र लॅम्बर्ट यांच्याच नियमावर चालतं.